मनोरा लढाईचा, प्रयोग पतनाचे

पडणाऱ्या वस्तूंचा विषय निघाला की पिसाचा झुकता मनोरा आठवतो. गॅलिलिओने तेथे खरोखर गोळे टाकले का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. असे प्रयोग जेथे निश्चित झाले, तो बोलोन्या शहरातील आसिनेल्ली मनोरा मात्र आपल्या वर्गात क्वचितच पोचतो.

बाराव्या शतकात बोलोन्यातील श्रीमंत घराणी बचावासाठी आणि दबदब्यासाठी जाड भिंतींचे मनोरे बांधत. आसिनेल्ली त्यांतला सर्वांत उंच, सुमारे ९७ मीटर. १४८८ मध्ये त्याच्या पायथ्याशी पहाऱ्याच्या शिपायांसाठी छोटी गढी बांधली गेली.

सतराव्या शतकात येथे रिच्चोली आणि ग्रिमाल्दी या जेझुइट पाद्र्यांनी गोळे टाकले. घड्याळ म्हणून दोलकाचे ठोके मोजले. समान कालखंडांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढत होती. पृथ्वी फिरते हे रिच्चोलीला मान्य नव्हते. तरीही १६५१ च्या ग्रंथात त्याने पतनाबाबत गॅलिलिओचाच नियम खरा ठरवला. स्वतःच्या मतापेक्षा मोजमापाला मान देणारे हे उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते.

१७९१ मध्ये गुल्येल्मिनीने याच मनोऱ्यात पृथ्वीचे फिरणे तपासले. मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा पृथ्वीच्या अक्षापासून दूर, म्हणून पूर्वेकडे त्याचा वेग किंचित जास्त. वरून सोडलेला गोळा हा वेग घेऊनच पडतो आणि ओळंब्याच्या थोडा पूर्वेला टेकतो. ७८ मीटर उंचीवरून हे अंतर गणिताने जेमतेम ११ मिलिमीटर येते. रस्त्यावरच्या वर्दळीचे हादरे नकोत, म्हणून तो रात्री प्रयोग करी. गोळे पूर्वेकडेच सरकलेले आढळले. फूकोचा दोलक यानंतर साठ वर्षांनी आला.

महाराष्ट्रात १० मीटर उंचीच्या गच्चीवरून गोळा टाकला, तर हे सरकणे १ मिलिमीटरही भरत नाही. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे. उंच मनोरा का हवा, ते त्यांना आपोआप उमगेल.

शेजारचा ४८ मीटर उंचीचा गारिसेंदा मनोरा मात्र धोक्यात आहे. तो सुमारे ४ अंशांनी कललेला आहे आणि त्याच्या पायाचा जिप्समचा दगड झिजला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भोवतालचा परिसर बंद करून दुरुस्तीची तयारी सुरू झाली. ही भीती अनाठायी नाही. १९८९ मध्ये पाव्हिया शहरातील मध्ययुगीन मनोरा कोसळून चार माणसे दगावली होती. ज्या मनोऱ्यांनी मोजमापाला उंची दिली, त्यांना आता मोजमापच सावरते आहे : भिंतींवरील संवेदक त्यांची प्रत्येक हालचाल टिपत आहेत.