तळपायावरचा काळा डाग : मेलानोमाचा इतिहास

१/६ लंडन, १७८७. शल्यविशारद जॉन हंटर यांनी एका रुग्णाच्या जबड्याजवळची गाठ कापून जतन केली. तेव्हा या रोगाला नाव नव्हते. १९६८ मध्ये तीच गाठ पुन्हा तपासली गेली आणि ती मेलानोमाची ठरली.

२/६ मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. स्टेथोस्कोपचे जनक रेने लेनेक यांनी १८०६ मध्ये त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले.

३/६ दीर्घकाळ शस्त्रक्रिया हाच आधार होता. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिले, की गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली, यावर रुग्णाचे भवितव्य ठरते. म्हणजेच लवकर निदान हेच खरे शस्त्र.

४/६ पसरलेल्या रोगापुढे केमोथेरपी बहुधा हतबल ठरे. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आले. ते गाठीवर थेट घाव घालत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लागलेला लगाम सोडवते. या तत्त्वासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

५/६ हा गोऱ्या त्वचेचा, उन्हाचा रोग मानला गेला. भारतात तो दुर्मीळच. पण अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली उगवतो, जिथे ऊन पोहोचत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटावर तो उद्भवला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

६/६ आज छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मात्र काट्याची जुनी जखम समजून काळा डाग दुर्लक्षिला, तर तिथवर पोहोचायला उशीर होतो. वाढणारा, रंग बदलणारा किंवा न भरणारा डाग डॉक्टरांना दाखवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपायही एकदा पाहावेत.