टायर बदलायचे, पण कोणते?

मोटार खरेदी करताना घरात महिनोन्‌महिने चर्चा चालते. रंगापासून मायलेजपर्यंत सर्व बाबींचा खल होतो. चार-पाच वर्षांनी त्याच मोटारीचे टायर बदलण्याची वेळ येते, तेव्हा मात्र सारा व्यवहार दुकानाच्या पायरीवर पाच-दहा मिनिटांत उरकला जातो. ‘कोणत्या कंपनीचा देऊ?’ असा प्रश्न दुकानदार विचारतो, आपण ऐकून माहीत असलेले एखादे नाव सांगतो आणि भावावर घासाघीस सुरू होते. वास्तविक कंपनीचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. माणसे आणि सामान यांसह भरलेली मोटार रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांची सारी भिस्त या चार तळहातांवर असते. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

टायर केव्हा बदलावा, याची खूण टायरमध्येच असते. नक्षीच्या खोलगट चरांमध्ये आडवे, लहान उंचवटे दिसतात. टायर घासून त्यांच्या पातळीला आला की चराची खोली १.६ मिलिमीटर उरली, असे समजावे. कायद्याच्या दृष्टीने ही अखेरची मर्यादा. नव्या टायरमध्ये ही खोली साधारणतः आठ मिलिमीटर असते. चरांचे मुख्य काम चाकाखालचे पाणी बाजूला फेकण्याचे. खोली तीन मिलिमीटरच्या खाली गेली की ते काम झपाट्याने मंदावते आणि वेगात असलेली मोटार पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते. अशा वेळी स्टिअरिंग एकाएकी हलके लागते आणि ब्रेक दाबूनही फारसा उपयोग होत नाही. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही बरा चालतो, हीच त्यातली फसवणूक. म्हणून आपल्याकडे टायर तपासण्याचा आणि बदलण्याचा योग्य महिना मे होय. दिवाळीच्या सवलतीची वाट पाहत अख्खा पावसाळा जुन्या टायरवर काढण्यात शहाणपण नाही.

जुना टायर काढण्याआधी तो कसा घासला आहे, हेही पाहावे. मधोमध घासला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असण्याची शक्यता मोठी. हा दोष दूर न करता नवे टायर बसवले, तर तेही त्याच वाटेने जातात. टायरच्या बाजूवर फुगा आला असेल, तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर बाद समजावा. खड्ड्यातील आघाताने आतले धागे तुटलेले असतात आणि त्यावर दुरुस्ती नाही.

आता मापाविषयी. टायरच्या बाजूवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ असा मजकूर असतो. १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा इंचातील व्यास. काही मोटारींच्या साध्या प्रकारात हे माप येते, तर वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५. दिसायला वेगळ्या असलेल्या या दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच भरतो. माप बदलायचेच असेल, तर असे बदलावे. केवळ रुबाबासाठी रुंद टायर चढवले की वेगदर्शक चुकीचा वेग दाखवतो, वळताना टायर मडगार्डला घासतो आणि इंधन अधिक लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेली पट्टी वाचावी आणि तेच माप घ्यावे, हे उत्तम.

मापानंतरच्या अंकाकडे आणि अक्षराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ८५ हा भारांक आहे. त्याचा अर्थ योग्य हवा असताना एक टायर ५१५ किलो भार पेलू शकतो. ८२ असेल तर ४७५ किलो. अक्षर वेगमर्यादेचे : एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटर. ‘आपल्याला कुठे एवढ्या वेगाने जायचे आहे?’ असे म्हणून खालच्या दर्जाचा टायर घेणे चुकीचे. हे अक्षर टायर किती उष्णता सहन करू शकतो, तेही सांगत असते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वैशाखातील दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास त्या वेगाने धावणाऱ्या, त्यातही हवा कमी असलेल्या टायरची कसोटी लागते. या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या, त्या उगाच नव्हेत.

माप जुळले की टायरचे वय पाहावे. बाजूवरील लंबगोलात चार अंक असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, अर्थात जूनमध्ये तयार झालेला टायर. रबर न वापरताही कालांतराने कडक होते. हे अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवल्यावर ती बाजू आत जाऊ शकते. प्रस्तुत लेखकाने एकदा घाईत चार ‘नवे’ टायर बसवून घेतले आणि पुढे पंक्चर काढताना त्यांपैकी दोन खरेदीच्या वेळीच तीन वर्षांचे होते, असे आढळले. बिलात तारखेचा उल्लेख नसल्याने बोलायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून टायर रिमवर चढण्यापूर्वी अंक वाचायचे आणि बिलावर लिहून घ्यायचे, हा शिरस्ता. सहा महिन्यांच्या आतील माल मिळाल्यास उत्तम. वर्षापेक्षा जुना असल्यास नकार द्यावा. वापरातील टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी ठेवू नये. शिवाय आयएसआय चिन्ह आहे ना, ते पाहून घ्यावे.

मग कंपनी आणि प्रकार. ‘हा टायर लाखभर किलोमीटर चालतो’ असे दुकानदार सांगतो, तेव्हा थोडे सावध व्हावे. जास्त टिकण्यासाठी रबर कठीण ठेवले, तर ओल्या रस्त्यावरची पकड कमी होण्याकडे कल असतो. रोज शेकडो किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला जे परवडते, ते मुलाबाळांना घेऊन पावसात घाट उतरणाऱ्या कुटुंबाला परवडेलच असे नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून टायरसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, लोटण्यातील अवरोध आणि आवाज यांचे निकष लागू केले. मात्र ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे दिसले, तर ते इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नव्हेत, हे लक्षात असू द्यावे. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर वापर असेल, तर टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. अशांनी टिकाऊपणासाठी पकडीचा बळी देण्याचे कारणच नाही.

चारही टायर एकदम बदलणे प्रत्येकाला शक्य होत नाही. दोनच घ्यायचे झाल्यास ते कोठे बसवावेत? बहुतेक दुकानांत, काही न विचारता, ते पुढे बसवले जातात. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ, वळण आणि ब्रेक हे सारे सोसावे लागते, असा त्यामागचा हिशेब. परंतु टायर उत्पादकांचा सल्ला नेमका उलटा आहे : नवे टायर मागे बसवावेत. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर मोटार सरळ पुढे जाऊ पाहते. चालक ते ओळखतो, वेग कमी करतो आणि बहुधा सावरतो. मागची चाके घसरली, तर मोटार क्षणार्धात स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. दुकानातील कारागीर वाद घालील, तरी आग्रह सोडू नये. एका आसावर मात्र दोन्ही टायर एकाच मापाचे, प्रकारचे आणि जवळजवळ सारख्या नक्षीचे हवेत.

रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे जुने टायर शक्यतो टाळावेत. गोटा झालेल्या टायरवर नव्याने चर कोरून, काळा रंग चोपडून तो विकला जातो. त्या कोरीव चराखाली रबर कितीसे उरते, याची कल्पनाच केलेली बरी. खर्चाच्या दृष्टीने एक दिलासा असा, की नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दर विचारताना तो करासहित आहे का आणि त्यात व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग व अलाइनमेंट धरले आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. ट्यूबलेस टायरचे व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवेच बसवावेत. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे.

हवा टायर थंड असताना, पट्टीवरील आकड्यानुसार भरावी. त्याच पट्टीवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा असतो. गणपतीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघताना तो वापरावा. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये. नायट्रोजनला पैसे द्यायचे असतील तर द्यावेत, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्टेपनीचीही हवा त्याच दिवशी पाहून घ्यावी. ती लहान मापाची असेल, तर तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये.

नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला थोडा निसरडा असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि वेगाची वळणे टाळावीत, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत.