खंजिरीला सूर का लावावा लागत नाही?

वर्धा जिल्ह्यातील अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते आणि तिच्यामागून भजन सुरू होते. हार्मोनियम असेल, तबला असेल किंवा नसेल, खंजिरी असतेच. शाळेत ‘ध्वनी’ हे प्रकरण शिकवताना मात्र आपण नादकाटा शोधत बसतो. वास्तविक खंजिरीत शिकवण्यासारखे पुष्कळ आहे, आणि या जिल्ह्याच्या इतिहासाचा एक धागाही तिच्यात गुंतलेला आहे.

एक लाकडी कडे, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेले कातडे, कड्याच्या खाचांत धातूच्या लहान चकत्या, एवढीच तिची रचना. कातड्यावर थाप पडली की ते एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. मूळ वारंवारता १ धरली तर त्यावरच्या वारंवारता साधारण १.५९, २.१४, २.३० अशा येतात. तारेच्या कंपनात त्या २, ३, ४ अशा पूर्ण पटीत असतात, म्हणून कानाला निश्चित सूर ऐकू येतो. साध्या कातड्यात तसा मेळ नसल्याने सूर धूसर राहतो. तबला आणि मृदंग यांच्यावरची शाई हा मेळ जुळवून आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात यावर लिहिले होते.

खंजिरीला शाई नाही. ही तिची उणीव मानली जाते, पण आम्हाला तेच तिचे बळ वाटते. तबला गायकाच्या षड्जाशी हातोडीने ठोकून जुळवावा लागतो. गायक बदलला, पट्टी बदलली की पुन्हा ठोकाठोक. खंजिरी कोणत्याही पट्टीत चालते. उंच आवाजाची आजी आणि खर्जातला शेतकरी आळीपाळीने गायले तरी तिची तक्रार नाही. शिवाय चकत्यांचा आवाज उच्च वारंवारतेचा असतो आणि आपला कान त्या पट्ट्यात विशेष तीक्ष्ण असतो. त्यामुळे शेकडो कंठांच्या कल्लोळातूनही ताल मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. (हल्ली खंजिरीपुढेही माईक ठेवतात, तो का, हे कोडेच आहे.)

हे बळ पुरेपूर वापरले ते तुकडोजी महाराजांनी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले महाराज मराठीत आणि हिंदीत भजने रचत आणि खंजिरीवर गात. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले (सेवाग्राम हे नाव पुढे १९४० मध्ये पडले). त्याच वर्षी महाराज तेथे सुमारे महिनाभर राहिले आणि त्यांची भजने आश्रमात ऐकली गेली. पुढच्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या झाकिर हुसेन समितीने नव्या अभ्यासक्रमात सूतकताई व शेतीबरोबर संगीतालाही जागा दिली. भर समूहाने गाण्यावर होता.

समूहाने गाणे नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, याच जिल्ह्यातील आष्टी येथे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात गावकरी मरण पावले, पोलीसही मारले गेले. आष्टी आणि चिमूरच्या उठावांमागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती असे मानले जाते. सरकारचेही मत तसेच असावे. त्याच महिन्यात त्यांना अटक करून नागपूर आणि नंतर रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. छापील पत्रक जप्त करता येते. पाठ झालेले भजन कसे जप्त करणार?

अशी वाद्ये इतरत्रही आहेत. आयर्लंडचे बौरान हे बकऱ्याच्या कातड्याचे मोठे कडे. खेड्यातल्या सणासुदीला वाजणारे हे वाद्य १९६० च्या दशकात शॉन ओ रिआडा या संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदात आणले. आज ते आयरिश संगीताची ओळख मानले जाते. आपल्या सुपासारखेच दिसते ते.

खंजिरीचे कातडे पूर्वी घोरपडीचे असे: पातळ, चिवट, ताण सहन करणारे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपड मारणे गुन्हा आहे. आता बकऱ्याचे कातडे किंवा प्लॅस्टिकचा पडदा लावतात. कातडे हवेतली आर्द्रता शोषते. त्याने वजन वाढते, ताण कमी होतो आणि दोन्ही कारणांनी आवाज उतरतो. म्हणून श्रावणात भजनापूर्वी खंजिरी शेकून घ्यावी लागते, तर वैशाखाच्या उन्हात ती आपोआप चढते. प्लॅस्टिकला हा त्रास नाही. जुने वादक मात्र त्याचा आवाज कोरडा म्हणून नाक मुरडतात. दोन्ही प्रकारच्या खंजिऱ्या वर्गात आणून, कातड्यावर चार थेंब पाणी शिंपडून मुलांना फरक ऐकवता येईल. घोरपडीची मात्र कोणी आणली तर ती कधीची आहे, हे आधी विचारावे.