फोटोत एका संघात, चहाला मात्र बाहेर

जुन्या फोटोंसाठी लोक किती पैसे मोजतात याची आपल्याकडे फारशी कल्पना नाही. अमेरिकेत शिकागो व्हाइट सॉक्स नावाचा बेसबॉल संघ १९१९ ची मोठी मालिका हरला. जुगाऱ्यांचे पैसे घेऊन मुद्दाम हरले, हे पुढच्या वर्षी उघड झालं. १९२१ मध्ये कोर्टातून सुटले, तरी आठ खेळाडूंवर कायमची बंदी आली. आज त्या संघाचे मूळ फोटो शौकीन लोक शोधत फिरतात.

आपल्याकडेही त्याच सुमारास क्रिकेटमध्ये मोठा वाद झाला होता. फरक एवढाच, की तिथे भानगड पैशाची होती आणि इथे जातीची.

पळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. चर्मकार समाजातला माणूस. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी तयार करायची नोकरी, महिन्याला चार रुपये पगार. साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा माणूस देशातला सर्वांत चांगला डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून त्याला संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि चहा मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. या संघाचा फोटो आजही पाहायला मिळतो. त्यात महाराज आहेत, बाळू आहेत, त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही आहेत. फोटो पाहून वाटतं, झालं की सगळं बरोबर!

नाही झालं. एवढं करूनही बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी दिलं नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर त्यांनाच वगळलं. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा धाकट्या विठ्ठलला डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केलं. देवधर मोठे खेळाडू होतेच, त्यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम सरळ संघातून बाहेर पडले आणि का पडलो ते लोकांसमोर जाहीर सांगितलं. बोभाटा झाला. शेवटी अंतिम सामन्याला भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने गोऱ्यांना हरवून स्पर्धा जिंकली.

हे सगळं फोटोत दिसत नाही. मातीचं भांडं फोटोत नाही. विठ्ठल यांनी पुढे मराठीत 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, लोकांनी आठवणी सांगितल्या, वर्तमानपत्रांत छापून आलं, म्हणून आपल्याला कळलं. नुसता फोटो राहिला असता तर आपण म्हणालो असतो, तेव्हा सगळे किती एकोप्याने राहायचे!

आता आपल्या सिद्धेश्वरचं बोलू. धरणाच्या कामावरचे, शाळेच्या कबड्डी संघाचे, कुस्तीच्या फडातले, जत्रेतले फोटो कुणाकुणाच्या ट्रंकेत पडून असतील. पावसाळ्यात ओल लागते, वाळवी लागते, आणि एक दिवस जातात चुलीत. ते टाकू नका. उजेडात धरून मोबाईलवर चांगला फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने नावं आणि साल लिहा. पेन नको, शाई उमटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोण खेळत होतं पण फोटोत नाही? कुणाला मागे उभं केलं? पाणी कुणी वरून ओतून प्यायचं? ऐकायला जड जाईल, पण लिहून ठेवा. सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. ती गेली की हातात फक्त फोटो उरेल, आणि फोटो अर्धंच सांगतो.