रेसिंग गेममध्ये लॅप टाइम कमी कसा करायचा? एक रुपयाही न टाकता

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाचा. आपल्याकडे रेसिंगचं सर्किट नाही, त्यामुळे माझं सर्किट म्हणजे हातातला फोन. मागच्या वर्षी एका गेममध्ये माझा लॅप टाइम २ मिनिटं ४ सेकंदांवर अडकला होता. रिचार्जसाठी ठेवलेले २९९ रुपये मी इंजिन अपग्रेडमध्ये घातले आणि पुढचा महिना मित्राच्या हॉटस्पॉटवर काढला. फायदा किती झाला? जेमतेम अर्धा सेकंद! गाडी वळणावर जास्त वेगात पोहोचायची, पण ब्रेक मी जुन्याच जागी मारायचो आणि थेट गवतात जायचो. नंतर फक्त सराव बदलला आणि वेळ १ मिनिट ५८ सेकंदांवर आला. हे कसं जमलं, ते या लेखात पाहू.

लॅप टाइम म्हणजे काय?

सर्किटची एक पूर्ण फेरी मारायला लागलेला वेळ म्हणजे लॅप टाइम. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. २०११ च्या शर्यतीतली त्याची सर्वात वेगवान फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची होती. म्हणजे इथे सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही हिशोब असतो.

वेळ नेमका कुठे वाया जातो?

सरळ रस्त्यावर सगळेच फुल रेस देतात. खरा फरक पडतो तो वळणातून बाहेर पडताना. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर सुमारे १ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. समजा, तुमचा त्यावरचा सरासरी वेग ताशी २०० किलोमीटर आहे, तर १ किलोमीटरला १८ सेकंद लागतात. वळणातून नीट निघाल्यामुळे हाच वेग २०५ झाला, तर लागतात सुमारे १७.५६ सेकंद. एका वळणात जवळपास अर्धा सेकंद वाचला! मी २९९ रुपये देऊन जेवढा वेळ मिळवला, तेवढा इथे फुकट मिळतो.

म्हणून लक्षात ठेवा: वळणात हळू शिरा, बाहेर वेगात निघा.

लॅप टाइम कमी करण्याच्या ५ पायऱ्या

१. लाइन पकडा. वळणाआधी ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला राहा, मध्ये आतल्या कडेला टेका आणि निघताना परत बाहेरच्या कडेला या. यामुळे वळण कमी तीव्र होतं आणि तोच टायर जास्त वेग पेलतो.

२. ब्रेकची खूण ठरवा. पाटी, झाड, कठड्याचा रंग, काहीही चालेल. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. त्यामुळे अंदाजाने ब्रेक मारू नका.

३. ब्रेक सरळ असताना मारा. टायरची पकड मर्यादित असते. ती ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये वाटली जाते. दोन्ही एकदम जोरात केलं, की गाडी घसरते.

४. मदतीचे पर्याय हळूहळू कमी करा. बऱ्याच गेममध्ये ब्रेक असिस्ट आधीपासून चालू असतो आणि तो गरजेपेक्षा लवकर ब्रेक लावतो. आधी तो कमी करा. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र सगळ्यात शेवटी बंद करा.

५. एका वेळी एकच वळण सुधारा. मी दहा फेऱ्या एकाच वळणासाठी मारायचो आणि वेळा वहीत लिहायचो. गेममध्ये घोस्ट कार असेल तर ती चालू ठेवा. तुमचीच जुनी फेरी समोर धावताना दिसते आणि आपण कुठे मागे पडलो, ते लगेच कळतं.

फोनमुळेही वेळ वाढतो का?

हो, वाढतो. ताशी २१६ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ६० मीटर जाते. स्क्रीन ३० एफपीएसवर असेल, तर दोन चित्रांच्या मधे गाडी २ मीटर पुढे गेलेली असते. ६० एफपीएसवर हेच अंतर १ मीटर होतं. म्हणून ग्राफिक्स कमी ठेवा, पण फ्रेम रेट जास्त ठेवा.

दुसरा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि गेम अडकायला लागतो. दुपारी माझा टाइम बिघडायचा आणि मी स्वतःलाच दोष द्यायचो! कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, पंख्याखाली बसा. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

टिल्ट की टच? जे सवयीचं असेल ते निवडा, पण रोज बदलू नका. हाताला सवय लागायला वेळ लागतो.

एक महत्त्वाची गोष्ट

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जातो. तो सरळसोट रस्ता पाहून गेम आठवतो, हे मी मान्य करतो. पण तिथे कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या वेगातही गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. गेममध्ये मी त्या एका वळणावर शंभर वेळा तरी गवतात गेलो असेन आणि दर वेळी रीस्टार्टचं बटण होतं. रस्त्यावर ते बटण नसतं. कडेपासून कडेपर्यंत जाणारी लाइन फक्त सर्किटवरच चालते, कारण तिथे समोरून कोणी येत नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी अपग्रेडचं बटण दाबण्याआधी एक वळण निवडा आणि दहा फेऱ्या मारा. रिचार्जचे पैसे रिचार्जलाच राहू द्या!