पेटी गावात पोहोचते तेव्हा

बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी १८९३ पासून अमरेली तालुक्यात त्याचा प्रयोग चालला होता. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत घालणं पालकांवर बंधनकारक झालं. न घालणाऱ्यांना दंडाची तरतूद होती. कायदा राबवू लागल्यावर मात्र कायद्यात नसलेला एक प्रश्न पुढे आला. दहाव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी त्यानंतर काय वाचणार? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, पत्र आलंच तर वाचून दाखवायला दुसरं कुणीतरी. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरं पुसट होतात आणि शाळेवर केलेला खर्च पाण्यात जातो. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीची गोष्ट इथून सुरू होते. तिच्या मुळाशी शाळा होती, हे आपण सहसा विसरतो.

सयाजीराव गायकवाडांना या प्रश्नाची धग कळणं स्वाभाविक होतं. मालेगावजवळच्या कवळाण्याचा हा शेतकरी मुलगा १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे संस्थानाच्या कायद्यानुसार ज्या वयात शिक्षण संपायचं, त्या वयात राजाचं शिक्षण सुरू झालं होतं. पुढे अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. ग्रंथालयांसाठी स्वतंत्र खातं उभं राहिलं, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग भरले, आणि महाराजांच्या खाजगी संग्रहातल्या सुमारे वीस हजार पुस्तकांवर मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली. त्यात मुलांसाठी वेगळा विभाग होता. तिथे पुस्तकांबरोबर खेळही होते, कारण मूल आधी तिथे यायला हवं आणि मग वाचायला हवं, हा क्रम त्या लोकांना ठाऊक होता.

शहरातल्या या व्यवस्थेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला जास्त ओढ आहे ती लाकडी पेटीची. फिरत्या ग्रंथालयाची ही पेटी साधी होती: कुलूप लावता येणारी, प्रवासाचे धक्के सोसणारी, आत पंधरा ते तीस पुस्तकं. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे ती काही महिन्यांसाठी जायची. सांभाळायला गावातला एखादा जबाबदार माणूस लागे, आणि तो बहुधा शाळामास्तर असे. वाचणाऱ्याला काही द्यावं लागत नसे; ने-आणीचा खर्चही खात्याचा. मुदत संपली की पेटी परत आणि दुसरी पेटी गावात. याशिवाय खात्याची एक शाखा जादूचे कंदील आणि चलचित्रं घेऊन गावोगाव फिरे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंतही काहीतरी पोहोचावं, हा त्यामागचा विचार.

आजच्या भाषेत याला आपण वाचन-उपक्रमाचं नियोजन म्हणू. त्यातल्या तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पुस्तकं थोडी होती, त्यामुळे मास्तरला ती सगळी वाचून माहीत होणं शक्य होतं. ती ठरावीक काळाने बदलत, त्यामुळे परत येण्याला कारण होतं. आणि सांभाळणारा माणूस मुलांच्या रोजच्या ओळखीचा होता.

पण हे सगळं बॉर्डनसाहेबांनी अमेरिकेहून आणलं असं समजणं चुकीचं ठरेल. चरोतरातले मोतीभाई अमीन हे शिक्षक त्याआधीच गावोगाव मित्रमंडळं काढून वाचनालयं चालवत होते. चार जणांनी वर्गणी काढावी, वर्तमानपत्रं-पुस्तकं मागवावीत, एकत्र वाचावीत, अशी ती पद्धत. बडोद्याने या माणसाला ग्रंथालय खात्यात घेतलं. अमेरिकन वर्गीकरण आणि चरोतरची वर्गणी अशी ती जोडी जमली. गावाला कायमचं वाचनालय हवं असेल तर ठरलेली रक्कम गावकऱ्यांनी जमवायची. तेवढीच पंचायत देणार आणि तेवढीच सरकार. एक तृतीयांश पैसे स्वतःचे असल्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटे. नुसत्या वरून आलेल्या देणगीला हे भाग्य क्वचित मिळतं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी गुजरातीतून मराठीत अनुवाद करते. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना आम्ही प्रभाव, स्वीकार, ग्रहण असे शब्द पुष्कळ वापरले. पण पुस्तक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत का जातं, याचं सर्वांत व्यवहारी उत्तर मला या पेटीत सापडलं. पेटीत तीस पुस्तकं भरायची तर ती मुलांच्या भाषेत असायला हवीत. बडोद्यात राज्यकर्ते आणि बरेच अधिकारी मराठी, खेडी गुजराती, वरच्या वर्गांची आणि ग्रंथालयशास्त्राची भाषा इंग्रजी. पेटीला कुलूप, किल्ली, मास्तर सगळं मिळालं. पुस्तकं अपुरी पडली. त्यामुळे ग्रंथालयाच्या मागोमाग अनुवादाचं काम येणं अटळ होतं. १९१२ साली सयाजीरावांनी देशी भाषांतल्या ग्रंथांसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या. गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत त्यांत पुस्तकं आली, आणि त्यांतले कितीतरी अनुवाद होते. त्या अनुवादकांना कुठल्या पुरस्काराची वाट पाहायची नव्हती. त्यांचा वाचक कुठल्याशा गावच्या शाळेत पेटी उघडण्याची वाट पाहत होता.

खात्याचं त्रैमासिकही याच वर्षी सुरू झालं: ‘लायब्ररी मिसलेनी’. बॉर्डन यांच्यानंतर खात्याची धुरा वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर त्याचे संपादक. एकाच अंकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी मजकूर असे. बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही. पण ग्रंथपालांसाठी, शंभर वर्षांपूर्वी, ही कल्पना धाडसाचीच होती. तीन भाषा शेजारी ठेवल्या की शब्दही एकमेकांना तपासू लागतात. गुजरातीत ‘पुस्तकालय’ रुळलं. मराठीत ठाण्याला १८९३ साली आणि मुंबईला १८९८ साली निघालेल्या संस्थांनी ‘ग्रंथसंग्रहालय’ हे नाव घेतलं. शेजारी ‘वाचनालय’ही आहेच. पुस्तकांचं घर, ग्रंथांचा संग्रह, वाचण्याची जागा: तीन शब्दांत तीन वेगवेगळी उद्दिष्टं आहेत. शाळांनी आपल्याकडे यातलं नेमकं काय आहे, हे एकदा विचारून पाहावं.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ साली बडोद्यात आले. तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. ग्रंथालय सर्वांना खुलं असलेल्या, फिरत्या पेट्या निघालेल्या शहरात हे घडलं. अस्पृश्य मुलांसाठी संस्थानाने वेगळ्या शाळा काढल्या होत्या, हे खरं आणि मोलाचं. पण सरकारने दार उघडलं तरी उंबरठ्यावर समाज उभा असतो. पेटी कुणाच्या ओसरीवर ठेवली जाते, यावर ती कुणासाठी उघडणार हे ठरतं. वाचनाचा उपक्रम आखणाऱ्याने पुस्तकांच्या यादीआधी हा प्रश्न सोडवायला हवा.

हे सगळं मला आठवतं ते शाळा माझ्याकडे यादी मागतात तेव्हा. ‘मुलांनी वाचावीत अशी पन्नास अनुवादित पुस्तकं सुचवा.’ मी यादी देते, आणि सोबत दोन-तीन प्रश्न विचारते. कपाटाची किल्ली कुणाकडे असते? पुस्तक फाटलं तर काय होतं? मुलांना पुस्तक देणाऱ्या शिक्षकाने ते स्वतः वाचलेलं असतं का? एका शाळेत उत्तर मिळालं की पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून ती १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, बाहेर काढतात. त्या दिवशी मुलं हातात पुस्तक धरून बसतात, फोटो निघतो, पुस्तकं परत कपाटात जातात. पुस्तकं खरोखरच अगदी नवी कोरी होती.

उलट उदाहरणंही आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरवतो आहे. काही महिन्यांनी पेटी बदलते. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तरी पेटीची युक्ती टिकून आहे. तिला मोठी इमारत लागत नाही.

म्हणून यादी मागणाऱ्या शाळांना आता मी पन्नास पुस्तकांऐवजी पंचवीसच सुचवते. एका वर्गाला एक पेटी, तीन महिन्यांनी अदलाबदल. त्यात मराठीबरोबर त्या वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषांतली चार-पाच पुस्तकं, मग ती गुजराती असोत, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. शिक्षकांनी पेटी वर्गात जाण्याआधी सगळी वाचायची. आणि किल्ली मुलांपैकी एकाकडे, दर आठवड्याला वेगळ्या मुलाकडे, हजेरीपटाच्या क्रमाने.