मैलापूरच्या समाधीवरील दिवा

वसईतील सांडोरचे चर्च संत थॉमसच्या नावाचे आहे. ज्या प्रेषिताचे नाव बालपणापासून कानांवर पडले, त्याच्या समाधीचे दर्शन घ्यावे, या ओढीने आम्ही चेन्नईच्या मैलापूर भागातील सान्तोम बॅसिलिकेत गेलो. समुद्रकाठची ही शुभ्र गॉथिक वास्तू १८९६ साली पूर्ण झाली. समाधी मात्र तळघरात आहे.

पायऱ्या उतरून गेलो, तेव्हा कपाळी कुंकू ल्यालेली एक माता तेथे हात जोडून उभी होती. तिच्या शेजारी एक मुसलमान भगिनी दुव्यासाठी ओंजळ पसरून होती. आमच्या मनात क्षणभर आले, ‘ही तर आपल्या प्रेषिताची समाधी!’ परंतु या ‘आपल्या’ शब्दाची झडती इतिहासानेच घेतलेली आहे.

प्रेषिताला इ. स. ७२ मध्ये येथे हौतात्म्य आले, अशी परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले, की या स्थळी ख्रिस्ती व मुसलमान दोघेही यात्रेस येतात. संत जेथे धारातीर्थी पडले तेथील माती ख्रिस्ती यात्रेकरू तापकऱ्यास देतात. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने जे नोंदवले, ते अधिकच अंतर्मुख करणारे आहे. त्या काळी समाधीची राखण एक गरीब मुसलमान करीत असे. तो भिक्षा मागे आणि त्यातूनच समाधीवरील दिवा तेवत ठेवी.

पोर्तुगिजांनी १५२३ मध्ये येथे उत्खनन केले आणि नवे चर्च उभारले. संताचे बहुतेक अवशेष त्यापूर्वीच परदेशी गेले होते, असे परंपरा सांगते. एदेसामार्गे ते १२५८ साली इटलीतील ओर्तोना येथे पोहोचले. म्हणजे मैलापूरला जे राहिले, ते मुख्यत्वे स्थळ आणि त्याची स्मृती. आणि ती स्मृती जपणाऱ्यांत परधर्मीयांचा वाटा मोठा आहे.

वारसा हा सातबाऱ्यावरील नावाने सिद्ध होत नसतो. पडत्या काळात त्याची निगा कोणी राखली, हेही विचारावे लागते. प्रभूच्या जखमांना स्पर्श केल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा हा प्रेषित. आम्हांलाही आमच्या गर्वाची जखम येथेच चाचपता आली.

निघताना त्या दोन्ही भगिनींना वाट देऊन आम्ही एक मेणबत्ती लावली. त्या निनावी राखणदाराच्या स्मरणार्थ.